जुन्या ट्रकच्या मूळ दिव्यांत इंडिकेटर बसवले, पण ब्रेक दाबला की गोंधळ: दोष कुठून शोधायचा

बेळगाव, खानापूर, संकेश्वर, निपाणी या पट्ट्यात अजून बरेच जुने ट्रक जीव धरून आहेत. कुणाच्या आजोबांचा जाळीवर तारा असलेला टाटा-मर्सिडीज, कुणाचा फार्गो, कुणाचा बेडफर्ड. टाटा आणि डाइम्लर-बेंझ यांचा करार १९५४ ते १९६९ एवढाच चालला, म्हणजे तारावाला ट्रक आता पन्नाशी कधीच ओलांडून गेलेला. त्या काळात वळायचं म्हटलं की उजवीकडे ड्रायव्हर हात काढायचा आणि डावीकडे किन्नर (गाडीचा क्लीनर). आता नातवंडं गाडी नीट करून घेतात आणि एकच अट घालतात: दिवे जुनेच दिसले पाहिजेत, इंडिकेटर त्यातच बसवा.

बसवता येतात. पण बसवल्यावर महिन्या-दोन महिन्यांत तीच गाडी परत येते. मी बेळगावात गाड्यांचं इलेक्ट्रिक काम करतो आणि हा एकच दोष माझ्याकडे निरनिराळी सोंगं घेऊन येत राहतो. ज्या क्रमाने मी तो शोधतो, त्याच क्रमाने इथे लिहितोय. आधी फुकटातलं, मग चहाच्या पैशातलं, मग खर्चाचं.

गाडी काय सांगते

गिऱ्हाईक आल्यावर जे बोलतं ते साधारण असं असतं:

– नुसता इंडिकेटर दिला तर चालतो. ब्रेक दाबला की मिचकायचा थांबतो आणि दिवा सरळ पेटून राहतो.
– डावा दिला तर मागचे दोन्ही मिचकतात.
– हेडलाइट बंद असताना सगळं ठीक. हेडलाइट लावले की इंडिकेटर मंद होतो आणि त्याच्याबरोबर टेललाइटही लुकलुकतो.
– एक बाजू नीट, दुसरी बाजू दुप्पट वेगाने. नाहीतर मिचकतच नाही, नुसती पेटून राहते.
– गाडी उभी असताना मिचकणं रेंगाळतं, रेस दिली की सुधारतं.
– डॅशबोर्डवरचा पायलट दिवा (इंडिकेटर चालू आहे हे ड्रायव्हरला दाखवणारा) लावला आणि मग दोन्ही बाजू अर्धवट पेटायला लागल्या.

तुमचं लक्षण यातलं कुठलं ते कागदावर लिहा. ब्रेक दाबल्यावर काय होतं, हेडलाइट लावल्यावर काय होतं, दोन्ही एकदम केल्यावर काय होतं, हे तीनही वेगळं लिहा. हे टिपायला मागे एक माणूस उभा करा. आरशात बघून किंवा भिंतीवर पडलेल्या उजेडावरून अंदाज केलात तर फसाल. चाकाला दगड लावा, जुन्या गाडीच्या हँडब्रेकवर भरवसा नको. होल्डर उघडताना किंवा वायर जोडताना बॅटरीचं टर्मिनल काढून ठेवा.

पहिलं, फुकटातलं: गाडी किती व्होल्टची आणि अर्थ (अर्थिंग) कुठला

हे हसण्यावारी नेऊ नका. दुकानात जाऊन “ट्रकचा बल्ब द्या” म्हटलं की दुकानदार २४ व्होल्टचा काढून देतो, कारण आजचे मोठे ट्रक २४ व्होल्टचे असतात. तुमच्या गाडीत एकच १२ व्होल्टची बॅटरी असेल तर तो बल्ब तांबूस, मरतुकडा जळतो. करंट इतका कमी ओढतो की जुना फ्लॅशर (इंडिकेटर मिचकवणारा छोटा डबा) तापतच नाही, आणि तुम्ही फ्लॅशर बदलत बसता. बल्बच्या पितळी टोपीवर व्होल्ट आणि वॅट कोरलेले असतात. वाचा. वाचता येत नसतील तर त्या बल्बला घरी ठेवा.

लष्कराच्या लिलावातून आलेल्या आणि जुन्या अमेरिकी गाड्यांत ६ व्होल्टही निघतो. तिथे २१ वॅटचा एक बल्ब साडेतीन अँपिअर ओढतो, १२ व्होल्टच्या दुप्पट. १२ व्होल्टवर खपून जाणारा गंज ६ व्होल्टवर खपत नाही, एवढं ध्यानात असू द्या.

मग बॅटरीची कुठली बाजू चेसिसला जोडली आहे ते बघा. तोच गाडीचा अर्थ, म्हणजे करंट बॅटरीकडे परत जायची वाट. जुन्या इंग्रजी बनावटीच्या काही गाड्यांत पॉझिटिव्ह चेसिसला असतो. अशा गाडीत आजचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर सरळ लावला तर तो चालत नाही किंवा जळतो. तापून उघडझाप करणाऱ्या जुन्या दोन पिनांच्या फ्लॅशरला उलटसुलट काही कळत नाही, तो दोन्हीकडे चालतो.

दुसरं, चहाच्या पैशातलं: बल्ब आणि होल्डर

टेल आणि ब्रेक एकाच बल्बात असेल तर तो दोन फिलामेंटचा असतो: टेलला ५ वॅट, ब्रेकला २१ वॅट. त्याच्या टोपीच्या दोन पिना एका उंचीवर नसतात, एक वर आणि एक खाली. हेतू एवढाच, की बल्ब उलटा बसू नये. पण होल्डर झिजलेला असला आणि हातात जोर असला की उलटाही बसतो. मग टेल लावला की २१ वॅट पेटतो आणि ब्रेक मारला की ५ वॅट. रात्री मागून येणाऱ्याला वाटतं ब्रेकच लागत नाही. इंडिकेटर त्याच फिलामेंटवर असेल तर तोही मिणमिणतो.

पुढच्या पार्किंग दिव्यात अडचण वेगळी. मूळ होल्डर एका टोकाचा, आत ५ वॅटचा बल्ब. तिथे इंडिकेटर घालायचा तर होल्डरच दोन टोकांचा बसवावा लागतो. काहीजण होल्डर न बदलता ५ वॅटच्याच बल्बला फ्लॅशर जोडतात. दिवसा उन्हात तो कुणाला दिसणार? आणि एवढ्याशा बल्बावर जुना फ्लॅशर हलतही नाही. काच काचेचीच असेल तर २१ वॅटची उष्णता सोसते. कुणी मधे प्लास्टिकची बसवली असेल तर ती वाकते, हे माझ्या हातून एकदा झालंय.

होल्डरमध्ये बोट घालून स्प्रिंग दाबून बघा. खालची टोकं वर येत नसतील तर खड्ड्यात गाडी आदळली की दिवा जातो आणि पुढच्या खड्ड्यात परत येतो. होल्डरच्या आतली भिंत हिरवट-पांढरी झाली असेल तर पॉलिश पेपरची गुंडाळी करून घासा. ही भिंत म्हणजेच बल्बचा अर्थ. त्याचं पुढे बघू, कारण निम्मी कटकट तिथेच आहे.

तिसरं: अर्थिंग

आमच्या भागात शिवजयंती वैशाखात होते आणि बेळगावात तिच्या मिरवणुकीला चित्ररथ निघतात. त्याआधी जुने ट्रक रंगवून घेण्याची घाई असते. अशाच एका घाईत एक मामा आपला ट्रक घेऊन आले. आदल्या आठवड्यापर्यंत इंडिकेटर चालत होते. “रंगवून आणलं आणि आता ब्रेक दाबला की मागचं सगळं नाचूलालाय, काय होऊलालाय कळंना बघ.” त्यांनी तोवर दोन फ्लॅशर आणि एक स्विच विकत घेऊन बदलला होता.

मी मागे जाऊन दिव्याचा बोल्ट काढला. खाली तकतकीत निळा रंग. दिव्याच्या पत्र्यालाही रंग, पट्टीलाही रंग, बोल्टच्या डोक्याखालीसुद्धा रंग. पेंटरने मन लावून काम केलं होतं, कुठे म्हणून लोखंड उघडं ठेवलं नव्हतं. दिव्याला चेसिसला टेकायला जागाच उरली नव्हती.

जुन्या दिव्याला अर्थची वेगळी वायर नसते. बल्बची टोपी होल्डरला टेकते, होल्डर दिव्याच्या पत्र्याला, पत्रा बोल्टने पट्टीला, पट्टी चेसिसला, आणि चेसिस बॅटरीला. पाच-सहा ठिकाणी लोखंड लोखंडाला टेकलेलं असलं तरच करंट घरी परततो. त्यातली एक जागा रंगली, गंजली किंवा ढिली झाली की वाट अडते. ट्रकच्या बाबतीत आणखी एक गोम आहे. मागची बॉडी बहुतेक लाकडी. बॉडी नवीन बांधताना सुताराने दिवा लोखंडी पट्टीवरून काढून मागच्या फळीवर मारला असेल, तर स्क्रू लाकडात गेला. लाकडातून अर्थ मिळत नाही. अशा गाडीत दिवा पेटतोच कसा, असं वाटेल. तो शेजारच्या वायरीतून वाट काढून पेटतो.

हेच सगळ्या नाचाचं मूळ. दोन फिलामेंटच्या बल्बात दोघांचा अर्थ एकच, पितळी टोपी. ती वाट बंद झाली की २१ वॅटच्या फिलामेंटमधून आलेला करंट टोपीत येऊन अडकतो आणि ५ वॅटच्या फिलामेंटमधून उलटा टेललाइटच्या वायरीत शिरतो. ती वायर दुसऱ्या बाजूच्या दिव्याला जाते, पुढच्या पार्किंगला जाते, डॅशबोर्डलाही जाते. त्यातल्या ज्याचा अर्थ शाबूत असेल त्याच्यातून तो बाहेर पडतो. म्हणून इंडिकेटर डावा आणि लुकलुकतो उजवा टेललाइट. हेडलाइट लावल्यावरच बिघडतं, कारण तेव्हा टेलच्या वायरीत आधीच करंट असतो आणि उलटी वाटही बंद होते. ब्रेक, टेल आणि इंडिकेटर तिघं एकाच अरुंद दारातून बाहेर पडायला धडपडतात.

किती गंज पुरतो? १२ व्होल्टवर २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, म्हणजे पेटलेल्या फिलामेंटचा रोध सात ओहमच्या आसपास. वाटेत गंजाने एक ओहम वाढवला की बल्बपर्यंत १२ ऐवजी साडेदहा व्होल्ट पोचतात. ऐकायला फार वाटत नाही. पण फिलामेंटचा उजेड व्होल्टपेक्षा कितीतरी झपाट्याने उतरतो, एवढ्यात एक तृतीयांशाहून जास्त उजेड जातो. एक ओहम म्हणजे काय, तर एका बोल्टखालचा पावसाळी गंज. खानापूरकडचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको.

तपासणी सोपी आहे. दोन्ही टोकांना क्रोकोडाइल क्लिप लावलेली लांब वायर करून ठेवा. ट्रकला सहा-सात मीटर लागते, कारण बॅटरी पुढे आणि दिवे मागे. एक टोक बॅटरीच्या अर्थ टर्मिनलला, दुसरं दिव्याच्या खरवडलेल्या पत्र्याला. आता हेडलाइट लावा, ब्रेक दाबा, इंडिकेटर द्या. नाच थांबला तर दोष अर्थिंगचा, आणि तुमचे फ्लॅशरचे पैसे वाचले. वायर दिव्याच्या पत्र्यावरून काढून थेट बल्बच्या टोपीला टेकवल्यावरच सुधारत असेल, तर दोष पत्रा आणि होल्डर यांच्यातला आहे, बोल्टमधला नाही.

मीटर असेल तर आणखी नेमकं कळतं. सगळे दिवे चालू ठेवून एक टोक दिव्याच्या पत्र्याला आणि दुसरं बॅटरीच्या अर्थ टर्मिनलला लावून व्होल्ट मोजा. ०.२ व्होल्टच्या आत असेल तर उत्तम. ०.५ दिसला तर शंका घ्या. १ व्होल्ट दिसला तर दुसरं काही शोधू नका. मीटरचा बीप मात्र इथे कामाचा नाही. वायरीची एकच तार शिल्लक असली तरी बीप वाजतो. करंट जाताना ती तार दम तोडते. दिवे पेटलेले असतानाच मोजा.

दुरुस्ती करताना नुसता बोल्ट आवळून पाठवू नका, तो परत येतो. प्रत्येक दिव्याच्या होल्डरला स्वतःची अर्थ वायर सोल्डर करा, दुसऱ्या टोकाला थिंबल (बोल्टखाली बसणारी धातूची कडी) दाबा आणि चेसिसवर जागा खरवडून पांढरं लोखंड दिसल्यावर दातेरी वॉशर घालून आवळा. ग्रीस आवळल्यानंतर वरून लावा, आधी मधे नको. मी अर्थला अडीच चौरस मिलिमीटरची वायर वापरतो. इंडिकेटरला दीडची पुरते, पण अर्थमधून तिघांचा करंट परत जातो. चेसिस आणि इंजिन, इंजिन आणि बॅटरी यांच्यातली जाडी पट्टीही बघून घ्या. ती तुटली असेल तर सेल्फही रडत असेल.

मामांच्या ट्रकला दोन वायरी आणि दोन थिंबल लागली. पेंटरला काही सांगू नका म्हणाले, त्याने फार प्रेमाने रंगवलंय.

चौथं: करंट घेतलाय कुठून

इंडिकेटरसाठी घरी कुणीतरी सहज सापडली त्या वायरीवरून करंट घेतलेला असतो. हेडलाइटच्या वायरीवर टोच मारून घेतला असेल तर दिवसा इंडिकेटरच नाही. हॉर्नवरून घेतला असेल तर हॉर्न वाजला की मिचकणं अडखळतं. फ्लॅशरला इग्निशननंतरचा, स्वतःच्या फ्यूजचा वेगळा करंट द्या. १२ व्होल्टवर एका बाजूचे दोन २१ वॅटचे बल्ब मिळून साडेतीन अँपिअर घेतात, त्याला १० अँपिअरचा फ्यूज भरपूर. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली दिसली तर आधी ती काढून फेका. फ्यूज का जात होता याचं उत्तर कुणी शोधलेलं नाही, असा तिचा अर्थ.

जुन्या डॅशबोर्डवर अँपिअर मीटर असेल तर तो फुकटचा वैद्य आहे. इंडिकेटर दिल्यावर काटा तालात हलला आणि दिवा पेटला नाही, तर करंट दुसरीकडेच कुठेतरी जातोय. काटा हललाच नाही, तर करंट निघालेलाच नाही.

पाचवं: फ्लॅशर

लोक सगळ्यात आधी हाच बदलतात. मी तो पाचव्या नंबरवर ठेवलाय.

जुना फ्लॅशर आतल्या पट्टीला तापवून उघडझाप करतो. तापायला ठरलेला करंट लागतो. एक बल्ब गेला, किंवा अर्थमुळे करंट कमी पडला की तो पेटून तसाच राहतो किंवा रेंगाळतो. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर उलट वागतो. बल्ब गेला की मुद्दाम दुप्पट वेग घेतो, ड्रायव्हरला कळावं म्हणून. म्हणजे वेग वाढला तर तो फ्लॅशर बिघडलेला नाही, चहाडी करतोय. मिनिटाला ६० ते १२० वेळा मिचकणं योग्य. घड्याळ लावून मोजा.

एलईडी बल्ब घातले असतील तर करंट अगदी थोडा जातो, जुना फ्लॅशर हलतही नाही. त्याला एलईडीसाठी बनवलेला फ्लॅशर घ्या. दुकानदार रेझिस्टन्स लावून देतो म्हणेल. तो लावला तर पत्र्यावर लावा, लाकडी फळीवर किंवा वायरीच्या जुडग्याला टेकवून नको. चटका बसण्याइतका तापतो. माझं मत विचाराल तर जुन्या दिव्याच्या गोल काचेत साधा पिवळट बल्बच शोभतो.

पिना बघून लावा: बी म्हणजे बॅटरीकडून, एल म्हणजे स्विचकडे, पी म्हणजे पायलट. परदेशी नंबर असतील तर ४९ आत येणारा आणि ४९ए बाहेर जाणारा.

पायलट दिवा एकच असेल आणि तो डाव्या-उजव्या दोन्ही वायरींना जोडला असेल, तर तो दोन बाजूंमधला पूलच झाला. त्यातून थोडा करंट पलीकडे जातो. पलीकडे एलईडी असतील तर एवढ्याशा करंटवरही ते मंद पेटतात. दोन पायलट लावा, नाहीतर तो फ्लॅशरच्या पी पिनेवर न्या.

सहावं: ब्रेक आणि इंडिकेटर एकाच फिलामेंटवर

अर्थ स्वच्छ करूनही ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर थांबत असेल, तर जोडणीच चुकलेली आहे. ब्रेकची एक वायर मागे येऊन दोन फाट्यांनी दोन्ही दिव्यांना जाते. कुणीतरी त्याच २१ वॅटच्या फिलामेंटला डावीकडून इंडिकेटरचा करंट जोडला. आता डावा इंडिकेटर दिला की तो करंट फाट्यावरून उजवीकडेही जातो, दोन्ही मिचकतात. आणि ब्रेक दाबला की फ्लॅशर ज्या क्षणी करंट तोडतो त्या क्षणी ब्रेकचा करंट दिवा पेटता ठेवतो. मिचकणार कुठून?

यावर पाच पिनांचे दोन रिले (आतल्या कॉइलला करंट मिळाला की जोडणी पालटणारे स्विच) बसवण्याची पद्धत आहे, आणि माझ्याकडे येणाऱ्या काही गाड्यांत ते आधीच असतात. तीस नंबरची पिन दिव्याला, ८७ए ला ब्रेक, ८७ ला फ्लॅशर. हे बरोबर असूनही बिघडलेलं असतं, कारण रिलेच्या कॉइललाही फ्लॅशरचाच करंट दिलेला असतो. फ्लॅशर बंद झाला की रिले सुटतो, दिवा परत ब्रेकला जोडला जातो आणि पेटतो. कॉइलला सलग करंट हवा. त्यासाठी सहा टोकांचा, मधे बंद असणारा स्विच लागतो. त्याची एक रांग कॉइलला सलग करंट देते, दुसरी रांग फ्लॅशरचा.

तरीही मी नवीन काम असं करत नाही. लाल काचेतून लाल इंडिकेटर अमेरिकेत चालतो. आपल्याकडे इंडिकेटर नारंगीच लागतो, आणि लाल काचेमागे नारंगी बल्ब घातला तरी बाहेर लालच दिसतो. पासिंगला गाडी नेल्यावर “राइट हाक्री, लेफ्ट हाक्री, ब्रेक हाक्री” (कानडीत हाक्री म्हणजे लावा) असं तिन्ही एकापाठोपाठ सांगतात, तेव्हा ही जोडणी उघडी पडते. त्याच घाटाचा दुसरा गोल दिवा जुन्या बाजारात शोधा, त्यात नारंगी काच आणि एका फिलामेंटचा २१ वॅटचा बल्ब घाला, मूळ दिव्याशेजारी बसवा. ब्रेकच्या वायरीला हात लागत नाही, रिले लागत नाही, आणि चार पावलांवरून बघणाऱ्याला वाटतं गाडी अशीच आली होती. पुढे मात्र मूळ दिव्यातच नारंगी रंग चढवलेला बल्ब चालतो, काच पांढरी असेल तर.

सातवं: डायनामो

उभ्या गाडीत रेंगाळणं आणि रेस दिल्यावर सुधारणं हे डायनामोचं, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचं, लक्षण. आयडलला डायनामो जवळपास काही देत नाही, सगळा भार बॅटरीवर. बॅटरी दमलेली असेल तर हेडलाइट, ब्रेक आणि इंडिकेटर एकत्र आल्यावर व्होल्ट बसतो आणि तापणारा फ्लॅशर आळसावतो. पट्टा ताणून बघा, बॅटरीची टर्मिनलं घासा, बॅटरी चार्ज करून परत बघा. एवढं तुमचं काम. पुढचं नाही.

कुठे थांबायचं

काही ठिकाणी हात लावू नका, अनुभवी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

कापडी वेष्टनाची मूळ वायरिंग असेल आणि बोटाने वाकवल्यावर आतल्या रबराचा चुरा पडत असेल, तर एका जागी टेप मारून उपयोग नाही. तुम्ही एक वायर ओढता, आत दुसऱ्या दोन एकमेकींना चिकटतात. सगळी वायरिंग नव्याने ओढायची, आणि ते एका रविवारचं काम नव्हे.

नवा फ्यूज दुसऱ्यांदा गेला, वायर हाताला गरम लागली, किंवा जळका वास आला, तर बॅटरीचं टर्मिनल काढा आणि तिथेच थांबा. मोठा फ्यूज घालून “बघू तरी” म्हणू नका. पेट्रोलची टाकी सीटखाली असलेल्या गाड्यांत तर अजिबात नाही.

डायनामोचं चार्जिंग सांभाळणाऱ्या कटआउट आणि रेग्युलेटरचे स्क्रू फिरवू नका. अर्धा वेढा चुकला तर बॅटरी उकळते किंवा डायनामो जळतो. ब्रेकलाइटचा स्विच ब्रेकच्या तेलाच्या किंवा हवेच्या नळीत बसलेला असेल तर तो उघडणं म्हणजे ब्रेक उघडणं. ते ब्रेकच्या मेस्त्रीचं काम. पॉझिटिव्ह अर्थची गाडी निगेटिव्ह करून घ्यायची असेल तर तेही स्वतः करू नका, त्यात डायनामोपासून अँपिअर मीटरपर्यंत सगळं बघावं लागतं.

इलेक्ट्रिशियनकडे जाताना सुरुवातीला लिहिलेला तो लक्षणांचा कागद न्या. जुन्या वायरींचे रंग उडालेले असतात, म्हणून काही सोडवलं असेल तर कुठली वायर कुठून काढली ते चिकटपट्टीवर लिहून वायरीलाच लावून ठेवा. आणि काढलेला मूळ होल्डर टाकू नका, गंजलेला असला तरी. त्या मापाचा नवा मिळेलच असं नाही, आणि नाही मिळाला तर तोच घासून परत बसवावा लागतो.